गुरुवारचं पेट्रोल

डॉक्टरांच्या मोटारीतलं पेट्रोल नेमकं कुठं जातं, हे साऱ्या निपाणीत फक्त मला ठाऊक होतं, आणि त्याचं सगळ्यांत मोठं आश्चर्य मीच करत होतो. "येवढं कसं काय पितीया कुणास ठाऊक!" असं मी दर शुक्रवारी सकाळी टाकीत काठी बुडवून म्हणायचो. काठी खरं सांगायची आणि मी खोटं. आज ते आठवलं की स्वतःच्याच कानाखाली एक ठेवून द्यावीशी वाटते.

दिवस लढाईचे होते. पेट्रोल कूपनावर मिळायचं. सर्व्हिस मोटारींच्या पाठीला कोळशाच्या भट्ट्या लागल्या होत्या आणि त्या तवंदीच्या घाटात खोकत खोकत चढायच्या. डॉक्टर म्हणून आमच्या साहेबांना चार कूपनं जादा मिळत, पण तीही मोजून. साहेब साठीचे, एकटे आणि बोलायला मऊ. मी त्यांचा ड्रायव्हर. वय पंचविशीच्या आत आणि तोंड वयापेक्षा मोठं.

मोटार जुनी, कापडी टपाची. खेड्यांकडच्या वाटांवर बैलगाड्यांनी खोल चाकोऱ्या पाडलेल्या, आणि दोन चाकोऱ्यांमधला उंचवटा मोटारीच्या पोटाला घासायचा. एकदा इंजिनाखालचं तेलाचं भांडंच फुटलं. तेव्हा साहेबांनी मोटारच गावातल्या लोहाराकडून वर उचलून घेतली. लोहार टांग्याच्या कमानी बनवण्यात वाकबगार. त्यानं चारी स्प्रिंगांत दोन-दोन पाटे वाढवले आणि मोटार वीतभर वर नेऊन ठेवली. गाव तिला उंटीण म्हणायला लागलं. पण उंटीण कुठंही जायची. रुग्ण असेल त्या वस्तीच्या दारात जाऊन उभी राहायची, आणि साहेबांचा जीव त्यातच होता.

आता माझं सांगतो. बायको पहिलटकरीण, सातव्या महिन्यात माहेरी गेलेली. माहेर संकेश्वरजवळ सडक सोडून सहा मैल आत, काळ्या रानात. जावयानं सासुरवाडीला उठसूट जायचं नाही, अशी आमच्यात रीत. जावई दारात आला की पोळ्या लाटाव्या लागतात, शेजारणीकडून तूप मागून आणावं लागतं, निघताना टोपी-उपरणं द्यावं लागतं. तिच्या आईच्या घरात स्वतःला पुरेल एवढंही नव्हतं. मी दर आठवड्याला दारात उभा राहिलो असतो तर सासूबाई घायकुतीला आल्या असत्या. आणि न जावं तर मला राहवत नव्हतं.

मग मी तोड काढली. दर गुरुवारी साहेब मला एकट्याला बेळगावला औषधं आणायला धाडत. येताना मी मोटार आत वळवायचो, गावाबाहेरच्या ओढ्याशी थांबायचो आणि भोंगा दोनदा दाबायचो. बऱ्याच वेळानं ती बांधावर यायची. मध्ये तंबाखूचं एक अख्खं रान. ती तिकडं पदर सावरत उभी, मी इकडं मोटारीला टेकून उभा. थोड्या वेळानं ती हातानं 'जावा आता' अशी खूण करायची आणि मी निघायचो. एवढ्यासाठी जाऊन-येऊन बारा मैल. मोटार उचललेली नसती तर ती वाट तिला जन्मात जमली नसती. म्हणजे लोहाराचे उपकार कुणावर असतील तर ते माझ्यावर.

साहेबांच्या लक्षात यायला महिना लागला. मैल मोजणारा काटा मोटारीत माझ्या आधीपासूनच बंद होता. त्यामुळं ते सडकेवरच्या मैलाच्या दगडांवरून आणि माझ्या काठीवरून ताळा घ्यायचे. तो काही केल्या जमेना. तेव्हा एका सकाळी ते मोटारीचा केसपेपर करून आले. थट्टा नव्हे. वर 'रुग्ण : मोटार' असं लिहिलेलं होतं.

"तक्रार कधीपासून?" त्यांनी मला विचारलं.

"उचलल्यापास्नंच म्हणायचं," मी म्हणालो. हे खोटं नव्हतं, म्हणून मला जरा धीर आला.

मग तपासणी. त्यांनी मोटार एक दिवस नुसती उभी ठेवली आणि दुसऱ्या दिवशी काठी बुडवून बघितली. गळती नव्हती. नळीच्या जोडांवर नाक नेऊन वास घेतला. धुराच्या नळकांड्यात कापूस फिरवून काजळी किती येते ते उजेडात धरून बघितलं. आमचा कंपाउंडर म्हणाला, उंच झाल्यामुळं टपात वारं भरतंय. साहेबांनी टप उतरवून एक दिवस उन्हात तसाच प्रवास केला आणि संध्याकाळी लालभडक चेहऱ्यानं 'वारं नव्हे' असं लिहिलं.

शेवटी एका फेरीहून आल्या आल्या ते खाली उतरले आणि एकेका चाकाच्या मध्यावर हाताची पालथी बाजू लावत गेले. पोराच्या कपाळाला लावतात तशी. मागच्या डाव्या चाकापाशी थांबले.

"याला ताप आहे," ते म्हणाले. "हात लाव."

मी हात लावला आणि झटक्यानं मागं घेतला. मागची दोन्ही चाकं भाजत होती.

लोहाराला बोलावणं गेलं. तो मोटारीखाली आडवा झाला आणि बराच वेळ बाहेरच आला नाही. आला तो कपाळावर हात मारत. मोटार वर गेली होती, पण ब्रेकच्या लोखंडी सळ्या होत्या तेवढ्याच राहिल्या होत्या. त्या ताणल्या जाऊन मागचे ब्रेक सदानकदा चाकाला घासत होते. म्हणजे ब्रेक दाबूनच आम्ही गावोगाव हिंडत होतो.

"माजी चूक, सायेब," तो म्हणाला. "पाटं वाडीवलं आनि सळ्या तशाच ठेवल्या."

त्यानं बोटभर लांब सळ्या घडवून बसवल्या. मोटार हातानं ढकलली तर पाण्यावरच्या होडीसारखी निघाली. साहेब लहान मुलासारखे हसले. पुढच्या सगळ्या फेऱ्यांना पेट्रोल पुरून उरलं. पण ते गुरुवारपर्यंत. शुक्रवारी काठी पुन्हा कोरडी.

"अर्धा ताप उतरला, अर्धा आहे," साहेब म्हणाले.

इथं तरी मी बोलायला हवं होतं. बोललो नाही. लोहार मात्र त्यानंतर रोज सकाळी दवाखान्यासमोर यायला लागला. भट्टी सोडून यायचा. चाकं हातानं चाचपायचा, सळ्या हलवून बघायचा आणि भट्टीकडं परत जायचा. एकदा मला म्हणाला, "तुला म्हनून सांगतो, माज्या हातातच खोट ऱ्हायली हाय कुटंतरी. घावना झालीया." मी त्याला आप्पा म्हणायचो. तरी मी म्हटलं काय? "बगा की आप्पा आनि एकदा." असा मी निलाजरा.

साहेबांनी ठरवून टाकलं, पुढच्या शनिवारपर्यंत फरक पडला नाही तर पाटे काढून मोटार होती तशी खाली घ्यायची. बायकोला तेव्हा नववा महिना लागला होता. मोटार खाली आली तर ओढ्यापर्यंतची वाट बंद. शहाण्यानं त्या आठवड्यात तरी बारा मैल वाचवले असते. मी शेवटचं म्हणून गेलोच.

शुक्रवारी एका वस्तीवरून साहेबांना बोलावणं आलं, म्हाताऱ्याला दम लागलाय म्हणून. साहेबांनी विचारलं, "पुरेल का रे?" काठी बुडवून दाखवली असती तर प्रश्न आले असते. मी म्हणालो, "जाऊन येतंय की!" आणि वस्ती दोन मैल राहिली असताना उंटीण दोन आचके देऊन उभी राहिली.

भर दुपार. आसपास झाड नाही. "बॅग मी घेतो," मी म्हणालो. "नको, मोटारीपाशी कुणीतरी पाहिजे," साहेब म्हणाले, आणि बॅग उचलून चालू लागले. मी बघत राहिलो. धोतराचा सोगा एका हातात, बॅग दुसऱ्या हातात. मध्येच थांबून त्यांनी हात बदलला. आणखी थोडं गेल्यावर पुन्हा बदलला. सबंध वाटभर ते हात बदलत गेले. संध्याकाळी बैलगाडीतून परत आले तेव्हा त्यांचे ओठ सुकून पांढरे पडले होते. म्हातारा ठीक आहे, एवढंच ते म्हणाले.  मला रागावले असते तर बरं झालं असतं. त्याच बैलांनी उंटीण ओढत निपाणीला आणली.

शनिवारी सकाळी नव्या कूपनांवर पेट्रोल भरून झालं आणि लोहार पाना घेऊन मोटारीशेजारी बसला. साहेब जवळ उभे. त्यानं पहिल्या नटाला पाना लावला आणि माझ्या तोंडून निघालं, "आप्पा, थांबा. मोटारीत कायबी खोट न्हाय. खोट माज्यात हाय."

मग सगळं सांगितलं. गुरुवार, ओढा, भोंगा, बांध.  मी साहेबांकडं बघत नव्हतो. नोकरी गेलीच म्हणून मनाची तयारी केली होती.

"कितवा महिना?" साहेबांनी विचारलं.

मला कळेना. "काय जी?"

"तुझ्या बायकोला. कितवा महिना?"

"नववा लागलाय."

"पायांना सूज आहे? डोकं दुखतं म्हणते? डोळ्यांपुढं अंधारी येते?"

"ठावं न्हाय, सायेब. मी लांबनंच बगतो."

साहेबांचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा चढलेला ऐकला. "एवढं पेट्रोल जाळलंस, आणि पाय सुजलेत का तेसुद्धा बघितलं नाहीस? डॉक्टरची मोटार घेऊन जात होतास ना रे तू? भोंगा वाजवून नाडी कळते?" बोलता बोलता त्यांनी बॅग मोटारीत टाकली. "चल, काढ."

लोहारानं नट घट्ट केला, उठून हँडल मारलं आणि माझ्याकडं बघून एवढंच म्हणाला, "आदी सांगायचं न्हवं का रं लेका!" शिवी दिली असती तरी मला चाललं असतं.

त्या दिवशी मी पहिल्यांदा ओढ्याशी थांबलो नाही. मोटार थेट दारात नेली. सासूबाई गडबडून भिंतीआड झाल्या. साहेब म्हणाले, "जावई आलेला नाही असं समजा. मी डॉक्टर आलोय, पोरीला बघायला."

ती बाहेर आली. दोन महिन्यांनी मी तिला हाताच्या अंतरावरून बघत होतो. चेहरा चांगला भरलेला दिसत होता. बांधावर दिसायचा तेव्हा मला वाटायचं, माहेरचं मानवलंय. साहेबांनी तिला पाय पुढं घ्यायला सांगितले आणि घोट्याच्या वर अंगठा दाबला. अंगठा उचलला, पण तिथं पडलेला खळगा तसाच राहिला. कणकेत बोट खुपसावं तसा. ते अंगावर आलेलं बाळसं नव्हतं. पाणी होतं.

"कधीपासून?" साहेबांनी विचारलं.

"म्हैना झाला असंल," सासूबाई आडून म्हणाल्या. "म्या म्हनलं, पहिलटकरनीला यायचीच."

"चालणं-फिरणं किती?"

"कुटलं वो. बसूनच असती. पायात व्हाणसुदीक चडत न्हाय तिच्या. गुरवारी तेवडी बांधापातुर जाती. भोंगा वाजला की काय कुनाचं ऐकती व्हय! तशीच अनवानी, ढेकळातनं, बसत-उठत."

ती खाली मान घालून म्हणाली, "आटवड्यातनं एकदाच तर येत्यात."

मी दाराच्या चौकटीला धरून उभा होतो. बऱ्याच वेळानं ती बांधावर यायची, असं मी मघाशी लिहिलं. तो वेळ कशात जात होता ते मला तेव्हा कळलं. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. साहेबांनी स्पिरिटच्या दिव्यावर काचनळीत तिची लघवी तापवली, ती दह्यासारखी पांढरी झाली, ही खूण धोक्याची, आणि ते म्हणाले, "हिला आत्ता निपाणीला न्यायचं. बाळंतपण माझ्या नजरेखाली होईल. आईनंही यायचं, म्हणजे माहेर मोडलं असं होणार नाही." त्यांच्यापुढं कुणी रीतीचं नाव काढलं नाही. मोटार मी माणसाच्या चालीनं आणली. एवढं पेट्रोल तिनं कधी खाल्लं नसेल.

माझ्या घरी आल्यावर साहेबांनी तिला सक्त पडून राहायला सांगितलं, मीठ तोडलं, आणि एक काम मला लावलं. रोज सकाळी तिच्या पायावर अंगठा दाबायचा, खळगा भरायला किती वेळ लागतो ते मनात मोजायचं आणि येऊन सांगायचं. बायकोच्या पायाला नवऱ्यानं हात लावायचा! माझी आई तोंडाला पदर लावून परसात निघून गेली. बायकोनं तर पाय लुगड्याखाली ओढून घेतले. "नगं वो, पाप लागंल मला," म्हणाली.

"सायेबांचा हुकूम हाय," मी म्हणालो आणि पाय हातात घेतला. टाचांना ढेकळांच्या भेगा पडल्या होत्या. मी अंगठा दाबून मोजत बसलो आणि ती भिंतीकडं तोंड करून पडून राहिली.

रोज आकडा थोडा थोडा उतरत गेला. मुलगी झाली. दोघी सुखरूप राहिल्या. बारशाला साहेब घरी आले, बायकोच्या पायावर स्वतः अंगठा दाबून बघितला आणि मला म्हणाले, "सूज उतरली. उद्यापासून तुझी सुट्टी."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्या पायांशी जाऊन बसलो. मांडीवर पोर होतं. साहेबांचं बोलणं तिनंही ऐकलं होतं. तिनं एकदा माझ्याकडं बघितलं, आणि पाय ओढून घेतला नाही.