कंडक्टरबाईंचा दुसरा प्रश्न

कंडक्टरबाई पहिल्या उत्तरावर कधीच विश्वास ठेवत नसत. अंबड-जालना गाडीत त्या प्रवाशाला आधी विचारत, "कुठं?" मग तिकीट हातात देताना सहज विचारल्यासारखं, "आन उतरायचं कुठं?" दर दोन-चार दिवसांनी एखाद्याचं दुसरं उत्तर वेगळं निघायचंच. "पहिलं उत्तर माणूस घरून पाठ करून येतो," त्या म्हणायच्या. "दुसऱ्याला सापडतो."

मी तेव्हा जालना एमआयडीसीतल्या एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत नुकतीच लागले होते. रोज सकाळी त्यांचीच गाडी. पहिले दोन महिने त्या माझा पास उलटसुलट करून बघत. पासावरच्या फोटोतली मुलगी मीच, हे त्यांना पटायला दिवाळी उजाडली. त्यानंतर मात्र दाराजवळची सीट त्या माझ्यासाठी राखू लागल्या.

एका रविवारी जालन्याच्या एका कॉलेजात हॅम रेडिओचं, म्हणजे हौशी लोकांच्या बिनतारी संभाषणाचं, प्रात्यक्षिक होतं. बाईंना सुट्टी होती, म्हणून मी त्यांना बळेच नेलं. टेबलावरच्या यंत्रातून कुठलासा दूरचा माणूस खरखरत बोलला, आपल्या गावचं हवामान सांगून गेला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाई उठल्या आणि शेजारच्या खोलीत कोणी लपून बोलतंय का, ते बघून आल्या. मग गच्चीवर जाऊन वायर कुठून कुठं गेली आहे तेही पाहून आल्या. शिकवणाऱ्या सरांना म्हणाल्या, "माणूस खराच दिसून राह्यला. मला हे शिकायचं. परीक्षा असती का याची?"

परीक्षा होती. हौशी रेडिओच्या परवान्याची, अगदी पहिल्या पायरीची. आम्ही दोघींनी नाव घातलं. सरांच्या वर्गात प्रश्नोत्तरांच्या झेरॉक्स मिळाल्या, आणि मी त्या घोकायला लागले. बाईंना घोकणं जमेना. चौदा मेगाहर्ट्झच्या लहरींना वीस मीटरचा पट्टा म्हणतात, हे मी गाडीत म्हणून दाखवलं, तर त्यांनी वहीच्या मागच्या पानावर, लहरीची लांबी काढायच्या सूत्रानं, तीनशेला चौदानं भागलं.

"एकवीसच्या वर येऊन राह्यलं. मंग वीस कसं?"

"ढोबळमानानं म्हणतात, बाई."

"मी ढोबळमानानं प्रवासी मोजले तर चेकर मला घरी बसवंल."

त्याच झेरॉक्समध्ये, शंभर ओहमचे दोन रोधक समांतर जोडले की दोनशे ओहम होतात, असं छापलं होतं. बी.एस्सी. होऊनही मी ते तसंच पाठ केलं होतं. बाई म्हणाल्या, "एका दारानं गर्दी उतरून राह्यली. शेजारचं दुसरं दार उघडलं तर अडचण वाढंल का कमी व्हईल?" उत्तर पन्नास होतं. बाईंनी लाल पेन काढलं आणि सगळी झेरॉक्स पहिल्या पानापासून तपासायला घेतली. बारावी शिकलेल्या बाईनं माझी चूक काढावी, याचा मला खरं तर रागच आला.

परीक्षेला तीन दिवस उरले असताना वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर अनोळखी नंबरवरून एक फाईल आली. हाच पेपर येणार, असं खाली लिहिलेलं. दुसऱ्या दिवशी गाडीत बाई माझ्याकडे रोखून बघत म्हणाल्या, "फुकटात कोण कोणाला काय देतं? तू वाचलंस का ते?"

"नाही," मी म्हणाले.

त्या पुढं गेल्या, चार तिकिटं दिली, परत आल्या. "किती प्रश्न हायेत त्यात?"

"चाळीस," मी बोलून गेले.

लग्नाला निघालेलं एक कुटुंब मागं बसलं होतं, बाई त्यांच्या लेकराचं वय विचारायला निघून गेल्या.

त्या चाळिसातला एकही प्रश्न पेपरात आला नाही. बाई पास झाल्या, मी नापास. मी आठवडाभर त्यांची गाडी टाळली. सहकाऱ्याच्या बाईकवर मागं बसून जात होते.

मग एका संध्याकाळी आमच्या दारात हवालदार उभा राहिला. बाईंच्या परवान्यासाठी चौकशी होती. घरावर तार बांधणारी, दूरदूरच्या लोकांशी बोलू पाहणारी ही बाई कोण, कोणाकोणाशी ऊठबस असते, असं त्यानं बरंच खोदून विचारलं. ओळखीची, भरवशाची व्यक्ती म्हणून बाईंनी माझं नाव लिहून दिलं होतं. मी सांगितलं ते त्यानं टिपून घेतलं. मला मात्र रात्रभर झोप लागली नाही.

सकाळी त्यांच्याच गाडीत चढले. म्हटलं, "बाई, माझंच नाव का दिलंत? मी तर..."

"तर काय?"

"मी तो पेपर वाचला होता. पाठ केला होता."

"म्हाईत हाय. खोटं बोलली की तुझे कान लाल व्हतात. ज्याचं खोटं मला दिसतं, त्याच्यापासून मला धोका न्हाई. आता सरक, आन पुस्तक काढ. झेरॉक्स नको."

पुढचे तीन महिने जालन्यापर्यंत त्या मला शिकवत गेल्या. तिकिटं देत, मध्येच वाकून, घंटीची दोरी एका हातानं धरून. मग त्या निवृत्त झाल्या आणि परतूरजवळच्या त्यांच्या गावी गेल्या. निरोपाच्या दिवशी मी पेढे नेले, तर त्यांनी विचारलं, "कधीचे हायेत?"

मी पास झाले. माझ्याही परवान्याची चौकशी निघाली, तेव्हा भरवशाची व्यक्ती म्हणून मी बाईंचं नाव लिहिलं. काही दिवसांनी त्यांच्याकडच्या हवालदाराचा फोन आला. आवाज वैतागलेला होता.

"मॅडम, कोणत्या बाईचं नाव दिलंत तुम्ही? अर्धा तास उभा केला मला दारात. आधी माझं ओळखपत्र बघितलं, मंग ठाण्यात फोन लावून खात्री केली. त्यानंतर कुठं तुमच्याबद्दल बोलल्या."

"काय बोलल्या?"

"एकच वाक्य. म्हणे, या पोरीचं मी सगळं तपासलेलं हाय."