नवरदेवाचा चाकू

आयुष्यात मी पारखून घेतलेली वस्तू एकच, मिटता चाकू. नोकरी मिळाली तशी धरली, बायको काकांनी पाहिली, टोपीसुद्धा दुकानदार डोक्यावर ठेवील ती घालत आलो. चाकू मात्र पंधरा दिवस खपून, दहाबारा चाकू हाताळून, निव्वळ स्वतःच्या अकलेनं घेतला. त्या अकलेची खूण माझ्या उजव्या हाताच्या अंगठ्याशेजारच्या बोटावर अजून आहे. कुणी विचारलं तर लहानपणी विळीवर कापलं असं मी सांगतो.

मी तेव्हा सोलापुरात मराठी शाळेत मास्तर होतो आणि माघात माझं लग्न ठरलं होतं. आमच्याकडे नवरदेवाला हळद लागली की त्याच्या हातात कट्यार देतात आणि कट्यारीच्या टोकाला लिंबू टोचतात. हळदीच्या अंगाला काहीबाही बाधतं, लोखंड जवळ असलं की ते फिरकत नाही, अशी समजूत. लग्न लागेपर्यंत ते लोखंड खाली ठेवायचं नाही. जेवताना नाही, झोपतानाही नाही. काकांनी शेजारच्या तालमीतल्या वस्तादाकडे कट्यारीचा शब्दही टाकून ठेवला होता.

मी साफ नाही म्हणालो. त्या काळात मी सुधारक होतो. म्हणजे संध्याकाळी वाचनालयात बसून मासिकं वाचायचो आणि नंतर हॉटेलात चहा पिताना शेजारच्या टेबलाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात रूढींवर बोलायचो. शाळामास्तरानं हातात कट्यार घेऊन मिरवायचं, हे माझ्या तत्त्वात बसेना. खरं सांगायचं तर तत्त्वापेक्षा तब्येतीत बसत नव्हतं. माझी छाती पाहता कट्यारीनं मला धरलंय असंच लोकांना वाटलं असतं.

"लई शाणा झालाय मास्तर," काका म्हणाले आणि आईला बोलवायला गेले.

आई आतून आली आणि दारातच उभी राहिली. मानमोडीच्या साथीत एका आठवड्यात तिचा नवरा आणि थोरला मुलगा, दोघंही गेले होते. उरलो होतो मी. तेव्हापासून ती बिनकाठाचं लुगडं नेसायची आणि कुणाच्या शुभकार्यात पुढे यायची नाही. माझ्या लग्नातही ती येणार नव्हती. आमची परिस्थिती बेताची, मुलीकडची त्याहून, म्हणून मुलगी आणून लग्न आमच्याच दारात लागायचं होतं. तरी आईची जागा मागच्या पडवीत, चुलीपाशी. हे कुणी ठरवलं नव्हतं. तिनंच आपलं आपण ठरवून टाकलं होतं आणि आम्ही सगळ्यांनी तिला ते ठरवू दिलं होतं.

"कट्यार नगं तर नगं," ती म्हणाली. "पर हातात लोखंड पायजे. तू मांडवात हुबा ऱ्हाशील तवा मी न्हाय तितं. लोखंड तरी असू दे की."

यावर एका सुधारकानं काय म्हणायला हवं होतं, ते मला त्याही वेळी ठाऊक होतं. जिभेवर आलंही होतं. पण काका समोर होते, आणि हॉटेलातल्या टेबलापुढे बोलणं वेगळं, काकांपुढे बोलणं वेगळं. मी घसा खाकरला आणि म्हणालो, "चाकू चालेल का?"

आईला लोखंडाशी मतलब होता. ती चालेल म्हणाली आणि चुलीकडे गेली. माझ्या डोक्यात मात्र चाकूनं घर केलं. कट्यार उसनी आणून परत करायची. चाकू आपला, पुढे जन्मभर खिशात राहणार. पेन्सिली तासता येतील, बोरूला टोक काढता येईल, पेरू चिरता येईल, पाकिटं उघडता येतील. पाकिटं मला वर्षाकाठी दोन यायची, पण ती नीट उघडली जातील याचं मला समाधान वाटू लागलं.

तेव्हा संक्रांतीचा गड्डा, म्हणजे आमच्याकडची मोठी जत्रा, भरला होता. पाळणे, भांडी, घोंगड्या यांच्या पलीकडे, तळ्याच्या बाजूला लोखंडी सामानाची पालं असत. तिथं एक म्हातारा शिकलगार धार लावायचं चाक घेऊन बसायचा आणि पुढ्यात पोत्यावर चाकू मांडायचा. शाळा सुटली की मी तडक तिकडे. पहिल्या दिवशी त्यानं मला "आवो मास्तर" म्हटलं, तिसऱ्या दिवशी नुसती मान हलवली, पाचव्या दिवशी तो माझ्याकडे बघेनासा झाला.

कारण मी चाकू शास्त्रीय पद्धतीनं निवडत होतो. एक वही केली होती. पात्याची लांबी बोटांनी मोजायची, मूठ मुठीत बसते का बघायची, पातं उजेडात धरून सरळ आहे का ते एक डोळा मिटून पाहायचं. धार बघायची ती मनगटावरचे केस काढून. त्या पंधरवड्यात माझं डावं मनगट सोललेल्या बटाट्यासारखं झालं होतं आणि हेडमास्तरांनी खरूज आहे का म्हणून काळजीनं विचारलं होतं.

शेवटी तीन चाकू उरले. एक विलायती, शिंपल्याच्या मुठीचा, दोन पात्यांचा. त्याची किंमत ऐकून मी तो फार हळूच खाली ठेवला. दुसरा म्हाताऱ्यानं स्वतः घडवलेला. शिंगाची काळी मूठ, एकच जाड पातं, आणि पातं धरून ठेवणारी कमान इतकी कडक की उघडायला दोन्ही हातांची नखं लागायची. दिसायला अगदीच गावठी. तिसरा कुठल्या मुलखातला होता कोण जाणे. पितळी मूठ, मुठीवर कोरलेला मोर, पातं चकचकीत, शिवाय एक कानस आणि बाटलीचं बूच काढायचा पिळाचा काटा. आमच्या घरात बुचाची बाटली एकच होती, एरंडेलाची, आणि तिचं बूच मी दातानं काढत असे. पण काट्यासकट हा चाकू म्हाताऱ्याच्या गावठी चाकूहून दोन आण्यांनी स्वस्त होता. आणि मुख्य म्हणजे तो एका अंगठ्यानं उघडायचा. टक्! अंगठ्यानंच मिटायचा. टक्!

"ये नक्को लेवो, मास्तर," म्हातारा पहिल्यांदाच आपणहून बोलला. "कमान ढिली है इसकी. एक दिन उंगली पे बैठेगा. ये मेरा लेवो. खुलता नै जल्दी, पन खुला तो खुला."

मी मनात हसलो. स्वतःचा माल खपवायचा म्हणून महाग चाकू गळ्यात बांधतोय, एवढं न कळायला मी काही खेड्यातून आलो नव्हतो. मी वहीत पाहिलं. वहीत लांबी होती, मूठ होती, धार होती. कमानीचं खातंच मी काढलं नव्हतं. मी मोराचा चाकू घेतला. म्हाताऱ्यानं तो कागदात गुंडाळून दिला आणि लगेच कुणाच्या तरी कात्रीकडे वळला.

त्यानंतरचे दिवस मी टक् टक् करत काढले. वर्गात टक्, वाचनालयात टक्. हॉटेलात चाकू टेबलावर उघडा ठेवून मी रूढींवर बोलत असे आणि मुद्दा संपला की तो मिटत असे. मित्र म्हणाले, बायको आल्यावर हा आवाज बंद होईल.

हळद लागली ती काकूनं लावली. आई पडवीच्या दारातून बघत होती. माझ्या अंगाला हळद फासत असताना माझं तिच्याकडे लक्ष गेलं, तर ती माझ्या हाताकडे बघत होती, चाकू आहे ना म्हणून. मी उचलून दाखवला. टोकाला काकांनी भलंमोठं लिंबू टोचलं होतं. ती मान हलवून आत गेली. मला बरं वाटलं, म्हणजे आपण आईचं सगळं ऐकलं असं वाटलं. माझ्यासारख्या माणसाला स्वस्तात बरं वाटून घेता येतं.

दुसऱ्या दिवशी मुहूर्त होता. मांडवात गर्दी झाली, मी मुंडावळ्या बांधून पाटावर उभा राहिलो, पलीकडच्या पाटावर नवरी येऊन मान खाली घालून उभी राहिली. गुरुजी पाण्यात सोडलेल्या घटिकेच्या वाटीकडे डोळे लावून बसले होते. तेवढ्यात नवरीचे मामा माझ्याजवळ आले. अक्कलकोटाकडचे, अंगानं आडवे, कानडी मिसळून बोलणारे.

"एनरी मास्तर," ते माझा हात न्याहाळत म्हणाले, "कट्यार म्हणलं हुतं की. हे काय, पेन्सिल कराचं हाय का?"

बायका हसल्या. नवरीच्या मुंडावळ्याही हलल्या. इथं शहाणा माणूस गप्प बसला असता. मी मात्र मामांना चाकूची माहिती द्यायला लागलो. मोर दाखवला, कानस दाखवली, पिळाचा काटा दाखवला. "आणि एका हातानं मिटतो," असं म्हणून मी अंगठा दाबला.

टक्!

लिंबाच्या वजनानं पातं जे खाली आलं ते सरळ माझ्या बोटावर बसलं. लिंबू मुठीवर आदळून फुटलं आणि त्याचा सगळा रस जखमेत गेला. मी ओरडलो. काय ओरडलो ते लिहिण्यासारखं नाही. गुरुजींनी चटकन मंत्र मोठ्यानं म्हणायला सुरुवात केली यावरून समजावं. रक्ताची धार लागली. पिवळ्या धोतरावर, पाटावर, अक्षतांच्या ताटात. कुणी म्हणालं हळद भरा, कुणी म्हणालं चुना, काकू मटकन खाली बसली. मामा तर दोन पावलं मागे सरून "शिव शिव" करत राहिले. कापड द्या, कापड द्या असा ओरडा झाला, पण मांडवात ज्याच्या त्याच्या अंगावर नवं कापड होतं आणि ते कुणी फाडेना.

आणि गर्दीतून आई आली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. माझा आवाज ऐकून चुलीवरची कढई तशीच टाकून ती आली होती. हाताला पीठ, कपाळ घामानं भिजलेलं. ती कुणाकडे न बघता सरळ पाटापाशी आली, माझ्या मुठीतून चाकू काढून घेतला, पदराचं टोक बोटाभोवती तीनदा गुंडाळलं आणि दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरलं.

"वाटी बुडाली," गुरुजी म्हणाले. "अंतरपाट धरा."

कुणीतरी चुळबुळ केली. काकांनी आईकडे पाहिलं, मग रक्ताकडे पाहिलं. तिनं हात सोडला तर धार लागणार आणि मुहूर्त टळला तर अपशकून. दोन्हींतलं काय धरावं ते त्यांना कळेना, आणि तोवर अंतरपाट धरला गेला. मंगलाष्टकं सुरू झाली. मी एका हातात हार धरून उभा, दुसरा हात आईच्या पदरात. बोटाची आग अशी होत होती की माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मुलीकडच्या बायका आपसांत म्हणाल्या, मुलगा फार हळवा आहे. मी तसा नव्हतो, ते लिंबू होतं. पण मधेच मी मान वळवून पाहिलं, तर आईच्या केसांत अक्षता पडल्या होत्या. त्यानंतरचं पाणी लिंबाचं नव्हतं.

माझी मला लाज वाटली. चाकूच्या मुठीसाठी मी पंधरा दिवस वही घेऊन हिंडलो, आणि "आई, तू मांडवात उभी राहा" एवढं एक वाक्य माझ्याच्यानं बोलवलं नव्हतं. गड्ड्यातला एक फसवा चाकू नसता तर माझं लग्न तिनं भांड्यांच्या आवाजात ऐकलं असतं.

हार घालून झाले. मी डाव्या हातानंच कसाबसा घातला. मग नवरीला माझ्या शेजारी आणून उभं केलं आणि पुढचे विधी सुरू झाले. आता मांडव जरा शांत झाला होता, आणि शांत झाल्यावर लोकांना आई दिसायला लागली होती. तिलाही ते कळलं. ती अवघडली. माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाली, "थांबलं का रं रगत? जाते मी आता."

रक्त थांबलं होतं. पदरावरचा डाग वाळायला लागला होता, तिनं खाली बघितलं असतं तर तिला दिसलं असतं. मी तोंड उघडलं. खोटं बोलण्याची सवय नसलेला मास्तर, मी बहुतेक "थांबलं" असंच म्हणणार होतो.

"येतंय की अजून," माझ्या शेजारून खालच्या आवाजात कुणीतरी म्हणालं. नवरीनं मान वर केली नव्हती. ती माझ्या बोटाकडेच बघत होती, आणि डाग वाळलाय हे तिला चांगलं दिसत होतं. "सोडू नगा, आत्याबाई."

आईनं एकदा तिच्याकडे पाहिलं. मग पदर पुन्हा आवळला आणि सगळं पार पडेपर्यंत ती आमच्या दोघांच्या शेजारी उभी राहिली.