वायरीच्या थांब्यावर

भक्ती तारी मालवण आगारात कंडक्टर. माहेर मसुऱ्याचं, काजूच्या बागांतलं, त्यामुळे पोहायला ती शिकली लग्नानंतर, तेही पस्तिशी उलटल्यावर. नवरा अजय पर्यटकांची बोट चालवतो, त्यानेच शिकवलं. मग ड्युटी संपली की सायकल, सुट्टीच्या दिवशी धावणं, असं करत करत तिने मालवणच्या लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉनमध्ये नाव घातलं. आधी दोन किलोमीटर समुद्रात पोहायचं, मग नव्वद किलोमीटर सायकल आणि शेवटी एकवीस किलोमीटर धावायचं. तेही दिलेल्या वेळेत. घरात कुणी नको म्हटलं नाही, पण होयसुद्धा म्हटलं नाही.

शर्यतीच्या दिवशी चिवल्याच्या किनाऱ्यावर वारा होता. आयोजकांनी पोहणाऱ्यांवर लक्ष ठेवायला ज्या बोटी घेतल्या होत्या, त्यांत अजयचीही होती. वळण दाखवणाऱ्या तरंगत्या बोयापाशी पाण्याला ओढ लागली. भक्ती हात मारत होती आणि बोया होता तिथेच राहत होता. बाजूला खडकांवर लाट फुटत होती. एक लाट थेट तिच्या तोंडात शिरली. तिला श्वास मिळेना. तिने हात वर केला.

अजयने बोट जवळ आणली. दम खाण्यासाठी बोटीला धरायला परवानगी होती, पण वर चढलं की शर्यत संपली. भक्तीने काठ धरला. तिचे ओठ पांढरे पडले होते. अजय वाकला.

"हात दी माका. बस झाला."

"ओढू नको," ती कशीबशी म्हणाली. "जरा धरून रवांदे."

त्याचा हात तिच्या मनगटाशी आला होता. तो तसाच थांबला. बाकीचे पोहणारे पुढे निघून गेले. हळूहळू तिचा श्वास जागेवर आला. तिने काठ सोडला आणि खडकांपासून लांबून वळसा घेत बोया गाठला. अजय इंजिन मंद ठेवून लांबून पाहत राहिला.

पाण्यातून ती बाहेर आली ती जवळजवळ शेवटची. पुढे सायकलवर तिचं चुकलं. गेलेला वेळ भरून काढायचा म्हणून कुंभारमाठची चढण तिने पेडलवर उभी राहून मारली. चौके गावात स्वयंसेवकांनी केळी पुढे केली, ती तिने घेतली नाही. कट्टा गावाशी खिशातली चिक्की खायची ठरली होती, तीही राहिली. तहान लागली की नुसतं पाणी प्यायची. दोघातिघांना मागे टाकलं, आणि अंग साथ देतंय याचाच तिला आनंद झाला.

धावायला लागली तेव्हा ऊन तापलं होतं. तारकर्लीच्या रस्त्यावर बोटं सुजल्यासारखी झाली. तिने वेग कमी केला नाही. दिलेल्या वेळेच्या आत पोचायचं तर आता थांबता येणार नव्हतं. समोर एसटीचा थांबा आला. तिने नेहमीच्या सवयीने मनात नाव घ्यायला सुरुवात केली आणि नाव आठवेना. ज्या थांब्यावर ती वर्षानुवर्षं घंटी मारत आली होती, त्याच्यासमोर ती उभी होती आणि ही जागा कुठली, ते तिला कळत नव्हतं. पाटीवरची अक्षरं दिसत होती, पण वाचता येत नव्हती.

समुद्रातही वाटली नव्हती एवढी भीती तिला त्या क्षणी वाटली.

पाणी वाटायला बसलेली तन्वी नावाची कॉलेजची मुलगी धावत आली. आता थोडंच राहिलंय, चालत गेलात तरी पोचाल, असं ती सांगत होती. भक्तीने तिचा दंड धरला.

"मी खंय आसय?"

"वायरीला, काकी."

भक्ती रस्त्याच्या कडेला बसली आणि छातीवरच्या शर्यतीच्या नंबराला हात लावला. "माझो नंबर काढ," ती म्हणाली. "मी थांबतंय."

दवाखान्यात सलाईन लावलं. घामाबरोबर अंगातलं मीठ गेलं आणि वरून नुसतं पाणी पीत राहिल्याने डोकं चालेनासं झालं, असं डॉक्टरांनी सांगितलं. आणखी धावली असती तर फिट आली असती. अजय खाटेशी बसून होता. त्याने तिच्या अंगावरची चादर नीट केली. मग म्हणाला, "समुद्रात तुका वर ओढूचा असा माझ्या मनात पक्का झाला होता."

"माका ठावक आसा," भक्ती म्हणाली. "ओढलं असतंस तर मी परत कधी पाण्यात उतराक नसतंय."

पुढच्या वर्षी तिने परत नाव घातलं. या वेळी तिच्या सायकलच्या बाटलीत कोकमाचं खारट आगळ पाण्यात घातलेलं होतं, आणि भूक नसतानाही ती ठरल्या जागी खात गेली. कुंभारमाठच्या चढणीवर सगळे तिला ओलांडून गेले. मन चुळबुळत होतं, पण पाय तिने आवरून धरले. त्याआधी पोहताना बोयापाशी या खेपेलाही ओढ लागली होती. ती बोटीला धरून थांबली होती, तेव्हा त्या बोटीवर दुसराच कुणी तांडेल होता. दम खाऊन ती पुढे निघाली होती.

शेवटच्या टप्प्यात पायात गोळे आले. वेळेची मर्यादा संपत आली होती आणि आयोजक शेवटच्या रेषेवरच्या कमानीची दोरी सोडायच्या तयारीत होते. भक्ती थोडं चालली, थोडं धावली, पुन्हा चालली. कमानीखालून ती वेळेत गेली तेव्हा टाळ्या वाजवायला मोजकीच माणसं उरली होती. अजयने तिच्या हातात मिठाच्या पेजेचा पेला ठेवला आणि वाळूतच बसून तिने तो संपवला.