किशनरावांची स्वतःची वीज

झरीच्या पलीकडे, डांबरी सोडून आत गेलं की आमचं गाव. गावात वीज आणली ती किशनरावांनी, आणि हे ते स्वतःच सगळ्यांना सांगायचे. सरपंचकी वर्षानुवर्षं त्यांच्याकडेच होती. त्यांनी आणलेली खांबांची रांग वेशीतून आत यायची, मारुतीपुढून वळायची आणि त्यांच्या ओसरीपाशी येऊन थांबायची. पुढं भीमनगर होतं. तिथले लोक खांब मागायला आले की किशनराव एकदम गंभीर व्हायचे. नामांतराचे दिवस होते. वातावरण तापलेलं आहे, विद्यापीठाच्या नावाचं एकदा मिटू द्या, मग खांबाचं बघू, असं ते सांगायचे. विद्यापीठाच्या नावाचा आणि खांबाचा काय संबंध, हे कुणी विचारत नसे. विचारणाऱ्याला दुसऱ्या दिवशी त्यांच्याच रानात रोजानं जायचं असायचं.

पुढं एका निवडणुकीत ते पडले. पाडलं आश्रुबानं. हा आश्रुबा मेंढरं राखायचा, बोलायचा कमी, आणि भाषणासाठी उभा राहिला की खाकरून परत खाली बसायचा. अशा माणसानं आपल्याला पाडावं याचा किशनरावांना एवढा राग आला, की त्यांनी पारावर उभं राहून जाहीर केलं, या बेइमान गावात मी आता राहणार नाही. लोकांनी ऐकून घेतलं. राहा असं कुणी म्हणालं नाही, त्यामुळं त्यांना जावंच लागलं.

परभणीहून त्यांनी एक जुनी मेटाडोर आणली. आधी ती बँडवाल्यांची होती. बाजूवर लिहिलेलं 'शुभमंगल ब्रास बँड' त्यांनी निळ्या रंगानं पुसलं, पण ऊन कलतं झालं की 'शुभमंगल' पुन्हा दिसायचं. आत पलंग टाकला, स्टो ठेवला, पाण्याची टाकी बसवली. मालकीणबाई चतुराबाईंना म्हणाले, चल. चतुराबाई पंख्याखाली बसून शेंगा फोडत होत्या. त्यांनी वरसुद्धा बघितलं नाही.

"तुमचं भांडण गावाशी हाय, माझं न्हाई," त्या म्हणाल्या. "डबा लावून देते."

किशनरावांनी गाडी आपल्या रानात, भीमनगरच्या पलीकडे नेऊन उभी केली. दिवस मावळला आणि त्यांच्या ध्यानात आलं की इथं वीज नाही. खांब त्यांनीच अलीकडे थांबवले होते.

दुसऱ्या दिवशी ते देवगाव फाट्याला चंद्रभानकडे गेले. चंद्रभान ट्रकांचं वायरिंग करायचा, आणि मनात आणलं तर अख्खा सेलू तालुका बॅटरीवर चालवीन असं येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायचा. अशा दोन माणसांची गाठ पडल्यावर काम मागं राहणं शक्य नव्हतं. चंद्रभाननं गाडीत ट्रकचे दिवे लावले, ड्रायव्हरच्या डोक्यावर असतो तसला छोटा पंखा बसवला, बॅटरीवर चालणारा एक काळा-पांढरा टीव्ही आणला, त्याच्या अँटेनासाठी गाडीशेजारी बांबू रोवला, आणि हे सगळं गाडीच्या एकुलत्या एक बॅटरीला जोडून दिलं. संध्याकाळी किशनरावांनी गावाच्या बाजूच्या खिडकीतला दिवा मुद्दाम चालू ठेवला, पंखा लावला, आणि बातम्या बघत पुरणपोळी खाल्ली.

सकाळी गाडी चालू होईना. बॅटरी पार उतरली होती. धक्का मारल्याशिवाय इलाज नव्हता, आणि जवळची माणसं म्हणजे भीमनगरचीच. किशनराव बराच वेळ रानाच्या धुऱ्यावर उभे राहिले, मग केवळाबाईच्या दारात गेले. ही केवळाबाई खांबाच्या मागणीला दर खेपेला पुढं असायची.

"गाडीला जरा धक्का पायजे होता," ते म्हणाले.

"एकदा दिला तेवढ्यानं भागलं न्हाई का?" ती म्हणाली. पण तिनं माणसं बोलावली.

आठवडाभर रोज सकाळी हेच. गाव सोडलेला माणूस रोज सकाळी गावाच्या धक्क्यानं निघू लागला. शेवटी चंद्रभाननं दुसरी बॅटरी बसवली, एक इंजिनासाठी आणि एक घरासाठी, मधे स्विच. ही आपली नवी युक्ती असल्याचं त्यानं सांगितलं आणि किशनरावांनीही ते गावभर तसंच सांगितलं. दुसरी बॅटरी पलंगाखाली होती. तिच्या ॲसिडनं त्यांच्या धोतराला चाळणीसारखी भोकं पडली, तेव्हा तिला लाकडी पेटी आली आणि वाफ जायला गाडीच्या तळाला भोक पाडलं गेलं. पंख्याची वायर जळून उशी पेटली, तेव्हा फ्यूज आला. प्रत्येक शहाणपण त्या गाडीत आधी जळून मग बसलं.

बॅटरी भरायची तर इंजिन चालवावं लागे, आणि उभ्या गाडीचं इंजिन चालवलं की आवाजानं टीव्ही ऐकू येत नसे. म्हणून किशनराव रोज दुपारी काही काम नसताना झरीपर्यंत जाऊन परत यायचे. लोक म्हणायचे, "किसनराव वीज भरायला निघाले." मग ज्याला बाजार करायचा, ज्याला दवाखाना गाठायचा, तो वाटेत हात करायचा. ते गाडीत घ्यायचे आणि वाटभर वीज म्हणजे काय हे समजावून सांगायचे. फुकट जायचं असल्यामुळं लोक ऐकायचे.

डिझेलनं बेजार झाल्यावर त्यांनी पूर्णेच्या एका ओळखीतून उन्हावर वीज करणारी काळी काच मागवली आणि गाडीच्या टपावर बसवली. हिला डिझेल नको, तार नको, सरपंच नको, असं ते सांगायचे. काच खरोखर चालली. फक्त तिच्यावर सावली पडली की वीज बंद. गाडी लिंबाखाली लावली तर बॅटरी भरेना, उन्हात लावली तर आत भाकरी भाजावी अशी धग. मग गाडी उन्हात ठेवून किशनराव दिवसभर लिंबाखाली घोंगडीवर बसू लागले. वीज करून ठेवलेल्या घरात पंखा होता, दिवा होता, पलंग होता. मालक तेवढा बाहेर होता.

तिकडं आश्रुबा न बोलता कचेरीचे खेटे घालत होता. एक दिवस खांब आले. भीमनगरातून गेले आणि शेवटचा खांब किशनरावांच्या धुऱ्याला लागून रोवला गेला. आश्रुबा स्वतः आला आणि गाडीला एक तार टाकून देऊ का, असं त्यानं विचारलं. किशनरावांनी टपावरच्या काचेकडे बोट दाखवलं. आश्रुबानं काच बघितली, बरं म्हणाला आणि निघून गेला.

पण खांब आले तरी लाइन राहत नसे, आणि जायची ती बहुतेक बातम्यांच्या वेळेला. सगळ्या गावात अंधार व्हायचा आणि रानात एकटी मेटाडोर उजळायची. आधी दोघं-चौघं आले, मग बायका आल्या, मग आश्रुबाही मागं येऊन बसू लागला. किशनरावांनी गाडीचं मागचं दार उघडून टीव्ही बाहेरच्या बाजूला फिरवला. समोर बसलेली गर्दी बघून त्यांना वाटलं, गाव परत आलं. पुढच्या निवडणुकीला त्यांनी पुन्हा अर्ज भरला आणि गाडीच्या पायरीवर उभं राहून बातम्यांच्या आधी रोज भाषण केलं. लोकांनी तेही ऐकून घेतलं.

या खेपेला ते आधीपेक्षा जास्त मतांनी पडले.

निकालाच्या संध्याकाळी ते टीव्ही बंद ठेवून पायरीवर बसले होते. लाइन गेलेली होती. लोक नेहमीसारखे आले आणि पोती अंथरून आपापल्या जागी बसले. 

"बातम्या चालल्या निघून," केवळाबाई म्हणाली. "लावा की."

"मला पाडलं, अन् आता टीवी लावा म्हणायलाव?"

"ते येगळं हाय, हे येगळं हाय."

किशनरावांनी तिच्याकडे बघितलं, मग बाकीच्यांकडे. कुणाच्याही तोंडावर चोरी केल्यासारखं काही नव्हतं. ते उठले, स्विच दाबला. वारा सुटला होता आणि चित्र हलत होतं. मागून आवाज आला की काही दिसंना. तेव्हा ते खाली उतरून गाडीच्या पलीकडच्या अंगाला गेले आणि बातम्या संपेपर्यंत अँटेनाचा बांबू दोन्ही हातांनी धरून उभे राहिले.