लिंगाचा घट्टा

लोहाऱ्याच्या सरकारी दवाखान्यात बायकांच्या तपासणीचा दिवस होता, आणि इरम्माला तिथवर आणता आणता नीलाताईच्या नाकी नऊ आले होते. नीलाताई गावची आशा सेविका. वर्षभर ती दारात यायची आणि इरम्मा तिला उंबऱ्यावरूनच वाटेला लावायची. "ज्याला दुखतंय त्यानं जावं. म्या काय आजारी हाय व्हय?"

बाई होतीच तशी फटकळ. पन्नाशी उलटली तरी पहाटे उठून कडक भाकरी थापायची. आसपासच्या चार गावांत लग्न असलं की भाकरी इरम्माच्याच. नवरा सिद्रामप्पा अबोल, त्यामुळं घरातलं सगळं बोलणं तिच्याच वाट्याला आलेलं. दोन्ही बाळंतपणं घरातच झालेली. डॉक्टरनं कधी अंगाला हात लावलेला तिला आठवत नव्हता. मग याच खेपेला कशी काय आली? तर भाकरी थापताना डाव्या काखेत ओढ बसायला लागली होती. पण हे ती नीलाताईला सांगेल तर शपथ!

वजन झालं. दंडाला पट्टा बांधून दाब बघितला. बोटाला सुई टोचली तेव्हा इरम्मानं नर्सला चांगलंच सुनावलं, "हळू की गं, म्हशीला टोचतीस का?" रांगेतल्या बाया खो-खो हसल्या. मग नाव पुकारलं आणि ती पडद्यामागं गेली.

आत पोरसवदा डॉक्टरीणबाई. तिनं आधी सगळं समजावून सांगितलं, की छाती हातानं तपासणार, मग पोट, मग गुडघे मोडून आतली तपासणी. जरा अवघडल्यागत होईल, दुखलं तर लगेच सांगा, मी थांबेन. चोळी काढताना इरम्मानं भिंतीकडं तोंड केलं. लाजेनं जीव अर्धा झाला होता तिचा.

"गळ्यातलं तेवढं काढून ठेवता का, अव्वा?"

"लिंग हाय ते. जन्मल्यापास्नं गळ्यात हाय, मेल्यावर बी संगंच जाणार. न्हाय निघायचं."

डॉक्टरीण शहाणी. हट्ट धरला नाही. इरम्मानं इष्टलिंगाची चांदीची डबी दोऱ्यासकट बाजूला घेतली आणि पूजेला धरतात तशी डाव्या तळव्यात धरून आडवी झाली. डॉक्टरणीची बोटं उजवीकडून गोल गोल फिरत डावीकडं आली आणि एका जागी थांबली. पुन्हा फिरली, पुन्हा तिथंच थांबली. मग काखेत गेली.

"ही गाठ कधीपासून आहे?"

"गाठ कशाची? लिंगाचा घट्टा हाय त्यो. डबी तिथंच घासती ना. माझ्या आईला बी व्हता."

"आई आहेत का?"

"न्हाय. वाळून वाळून गेली. पाठ लई दुखायची शेवटी."

डॉक्टरणीनं तिच्या अंगावर चादर ओढली. मग स्टूल ओढून जवळ बसली. "अव्वा, घट्टा वरच्या कातडीला पडतो. ही आत आहे, आणि काखेतही आहे. प्रत्येक गाठ वाईटच असते असं नाही. पण ही मला बरी वाटत नाही. याच आठवड्यात सोलापूरला जायचं. तिथं फोटो काढतील, सुईनं तुकडा घेऊन तपासतील. आणि घरात मुलगी, बहीण असेल तर तिलाही तपासून घ्या. आईला, तुम्हाला, म्हणजे..."

पुढचं इरम्माला ऐकूच आलं नाही. नागपंचमीला लेक माहेरी आली होती, आळंदहून. भुवनेश्वरी. न्हाणीत पाठ चोळताना लेकीनं आईचा हात धरून छातीवर ठेवला होता, "अव्वा, हितं बघ गं, काय लागतंय?" आणि इरम्मानं, सगळं कळतं असं वाटणाऱ्या इरम्मानं, हसून सांगितलं होतं, "काय न्हाय. आपल्यात असतोच. लिंगाचा घट्टा."

बाहेर नीलाताई विचारत राहिली, काय झालं, काय म्हणाल्या? इरम्मानं तिच्याकडनंच फोन लावून घेतला.

"भुवी, ती गाठ हाय का गं अजून?"

"कंची? ती व्हय! हाय की. जरा वाढलीया. ह्ये म्हणत व्हते दवाखान्यात जाऊ, म्या म्हनलं कशाला? अव्वानं बघितलीया."

लेक हसत होती. हे ऐकून कुणाचं काळीज फाटणार नाही? इरम्मा तिथंच पायरीवर बसली.

"राजशेखरला फोन दे."

"ह्यांना? कशाला?" भुवनेश्वरी बावचळली. जावयासमोर डोईवरचा पदर कधी ढळू न देणारी, त्याच्याशी दाराआडून दोन शब्द बोलणारी आपली आई! पण तिनं फोन दिला.

"बोला की," जावई म्हणाला.

इरम्माचा पदर खांद्यावर आला होता. आजूबाजूला बाया होत्या, कंपाउंडर होता, रिक्षावाले होते. पण आता तिला कुणाचंच भान नव्हतं.

"राजशेखर, तुमच्या बायकोच्या छातीत गाठ हाय. माझ्या बी हाय. माझी आई त्यानंच मेली, आन् म्या लेकीला सांगितलं काय न्हाय म्हणून. माझं काय व्हायचं ते होऊ द्या. तिला उद्या सोलापूरला आणा. ती न्हाय म्हणंल, माझं नाव सांगंल. ऐकू नका तिचं. माझं ऐकून बसलीया ती."