आमचे जमदग्नीभाऊ

जमदग्नीभाऊंइतका रागीट माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि त्यांनी कुणावर हात उचललेलाही कधी पाहिला नाही. राग आला की त्यांचे कान लाल व्हायचे, ओठ थरथरायचे आणि ते असतील तिथंच खाली बसायचे. भर बाजारात, धानाच्या बांधावर, एकदा तर शेजाऱ्याच्या पोरीच्या मांडवात, मानपानावरून अडून बसलेल्या व्याह्यासमोर. "उभ्या माणसाचा हात लवकर उठते," म्हणायचे. "बसलो का मंग तोंडानं बोलता येते." आणि जे बोलायचे ते ऐकून समोरच्याला वाटावं, यापेक्षा थप्पड बरी होती.

नागभीडजवळच्या त्या गावात मी मास्तर म्हणून गेलो, तेव्हा स्वराज्य नवं होतं आणि जिल्ह्याला चांदाच म्हणत. भाऊ इंग्रजांच्या तुरुंगात राहून आलेले. एकटा जीव, थोडी धानाची शेती. जमदग्नी हे नाव गावानं ठेवलेलं. खरं नाव आठवायला लोकांना वेळ लागे.

खोटं त्यांना सोयीचंही चालत नसे. त्यांच्याबरोबर तुरुंगात असलेला एक जण आता निवडून आला होता. शाळेच्या झेंडावंदनाला तो पुढारी म्हणाला, "आमच्या भाऊंनी हसत हसत फटके खाल्ले." भाऊ मागून ओरडले, "हासत नाई, रडत खाल्ले! लेकरायले खोटं काऊन सांगता?" पोरं हसली. पुढारीही हसला, पण ते त्यानं लक्षात ठेवलं.

त्या वर्षी ऐन रोवणीत जंगलाच्या नाकेदारानं लालसूला वेठीला बोलावलं. लालसू शेजारच्या टोल्यावरचा, म्हणजे गावाबाहेरच्या छोट्या वस्तीवरचा, गोंड शेतकरी. "रोवणी झाल्यावर येतो," एवढंच तो म्हणाला. नाकेदारानं काठीनं त्याचा हात मोडला.

दिवेलागणीला टोल्यावरचे आणि गावातले तरणे लोक टेंभे, कुऱ्हाडी घेऊन नाक्यावर गेले. आत नाकेदार एकटा होता आणि छप्पर गवताचं. भाऊ धावत गेले, त्यांच्यामागे मी. ते सरळ दारात जाऊन बसले. "जाळाचं असन तं मले धरून जाळा!" गर्दीतल्या एका पोरानं दगड मारला. कपाळातून रक्त आलं, ते डोळ्यात उतरलं, पण भाऊ हलले नाहीत. हळूहळू टेंभे मागे फिरले.

नाकेदार बाहेर येऊन त्यांच्या पाया पडायला लागला. भाऊंनी पाय मागे ओढले. "माफ नाई केलं तुले. मारू दिलं नाई, एवढंच. साहेबापुढं तुयं नाव मीच घेनार आहो."

लालसूनं तक्रार केली. तिच्या चौकशीच्या आदल्या दिवशी पुढारी भाऊंकडे आला. नाकेदार त्याच्या मर्जीतला होता. "लालसू झाडावरून पडला, एवढंच म्हणा भाऊ. राज्य आपलंच आहे. थोडा संयम ठेवा."

भाऊ खाली बसले. "संयम काठीवाल्याले शिकव. ज्याचा हात मोडला त्याले काऊन शिकवून राह्यला?"

चौकशीत त्यांनी पाहिलं ते सगळं सांगितलं. लालसूची तक्रार तरीही खोटी ठरली. आणि जमाव चिथावला म्हणून खटला झाला तो भाऊंवर! फिर्यादी तोच नाकेदार, ज्याचा जीव त्यांनी वाचवला होता. टेंभे घेऊन कोण आले होते, असं न्यायाधीशांनी विचारलं. "माहीत नाई म्हननार नाई, ते खोटं होईन. पन नावं देनार नाई. काय शिक्षा द्याची ते मले द्या." ती मिळाली. तुरुंगही तोच, इंग्रजांच्या वेळचा.

मी पुढाऱ्याच्या बंगल्यावर गेलो. त्यानं मला चहा पाजला आणि म्हणाला, "कायद्याच्या कामात आम्ही हात घालत नाही, मास्तर."

भाऊ सुटून आले ते खोकत. अंथरुणाशी बसून मी एकदा विचारलं, "भाऊ, आता राग येत नाही?" ते कुशीवर वळले. "येते ना. राग नसता, मास्तर, तं संयम कायले लागला असता?" धान कापणीला आलं तेव्हा ते गेले.

शोकसभेला पुढारी हार घेऊन आला. सत्य, अहिंसा, संयम, सगळं बोलला. भाऊंचा तुरुंगवास सांगितला तो फक्त इंग्रजांच्या काळातला. मधेच लालसू उठला. त्याचा हात वाकडाच जुळला होता.

"साहेब, भाऊ दुसऱ्यांदा जेलात गेला, तवा तुमी कुठी होता?"

"सभेत शांतता राखा," पुढारी म्हणाला.

लालसूनं शांतता राखली. तो चालू लागला. त्याच्यामागे टोल्यावरच्या बाया उठल्या, मग दगड मारणारा तो पोरगा उठला, मग सारं गाव. मीही उठलो. पुढारी मोकळ्या सतरंजीपुढे बोलतच राहिला.

या गोष्टीला आता खूप वर्षं झाली. कुणी व्यासपीठावरून संयम शिकवायला लागलं की माझे कान अजून तापतात.