टोमणा काढून बोल

राजकारणावर वाद घालून तुम्ही हसत हसत घरी गेलात, असं शेवटचं कधी घडलं?

मी गेलो आहे, आणि तेही दुष्काळाच्या साली, पारनेरच्या पेठेतल्या एका शिंप्याच्या दुकानातून. त्यांना सगळे चाचा म्हणत. संध्याकाळी मशीन थांबलं की तिथं वर्तमानपत्र मोठ्यानं वाचलं जायचं. वाचणारा बहुतेक मीच. मी लाल बावट्याच्या पत्रकांवर वाढलेला; वडील आणत त्या गठ्ठ्यांच्या कोऱ्या बाजूवर मी गणितं सोडवली. त्यामुळे साधी बातमी वाचतानाही माझा आवाज सभेतल्यासारखा चढायचा.

समोर तात्या बसत. जिरायती शेतकरी, सत्ताधारी पक्षाचे पक्के. त्या वर्षी आमचं एकाच गोष्टीवरून पेटायचं: दुष्काळी कामावर खडी फोडून रस्ता करायचा, की पाझर तलाव? सरकारनं रस्ता काढला होता. मी तलाववाला. एकदा आम्ही असे तावातावानं उठलो की इस्त्रीतले निखारे सांडले आणि एका नवरदेवाच्या कोटाची बाही थोडक्यात वाचली.

चाचांनी पेपराची घडी घातली. "उद्यापास्नं हितं राजकारन बंद. माप द्यायचं आसंल तर या."

दोन्हीकडची माणसं एका बाकावर बसतील अशी गावात तेवढीच जागा. ती गेली असती, तर ज्यांना आधीच पटलंय त्यांनाच मी जन्मभर ऐकवत बसलो असतो. मी चाचांची खूप मनधरणी केली.

"बरं," ते शेवटी म्हणाले, "गिऱ्हाईक आंगात घालून 'बसलं' म्हनंस्तवर माझं काम पुरं व्हत न्हाई. तुमी बी एकमेकाचं म्हननं शिवून दावा. ज्याचं त्यानं 'बसलं' म्हनलं, तर दुकान खुलं."

"चला कॉम्रेड, घ्या माप," तात्या मिशीत हसले.

मी सुरुवात केली, "तात्यांचं म्हणणं, मायबाप सरकार सांगेल ते—"

"न्हाई!" तात्यांनी मला अडवलं. "ह्यात टोमना हाय. टोमना काढून बोल."

"तात्यांना वाटतं, रस्ता झाला की पुढाऱ्यांच्या जीपगाड्यांना—"

"काखंत लई आवळतंय." सगळा बाक हसला. मीही हसलो, आणि मग मी कधीच विचारलं नव्हतं ते विचारलं: "तात्या, तुम्हाला रस्ताच का हवा?"

"आमच्या वाडीला धड बैलगाडी जात न्हाई. धान्याचा ट्रक फाट्यावरच थांबतो. बाया डोईवर पोती आनत्यात. आन् तलावाची मोजनी व्हईस्तवर हाताला काम कोन देनार?"

हे सगळं मी माझ्या तोंडानं, त्यांच्या जागी बसून, पुन्हा मांडलं. तात्यांनी मान हलवली. "बसलं."

मग ते माझं म्हणणं मांडायला लागले. "रस्ता दोन पावसाळ्यांत उखडंल. आडवलेलं पानी हिरीला लागंल. मंग फुडं कुनाला खडी फोडाया जावं लागनार न्हाई."

"बसलं तात्या! हे मी पत्रकात छापतो."

"छाप, पन माझं नाव नगं घालू. पक्षातनं हाकलतील."

चाचांनी हसत हसत चहा सांगितला आणि पेपर पुन्हा बाकावर टाकला. "वाच. पन सभेत न्हाईस, ध्यानात ठेव."

मध्यममार्गी हा शब्द तोवर मला शिवीसारखा वाटायचा. बोटचेप्या, कणा नसलेला माणूस म्हणजे मध्यममार्गी, असं मी लिहिलंही होतं. पण त्या बाकावर माझा कणा कुठं मोडला नाही. मी तलाववालाच राहिलो, तात्या रस्तेवालेच. फरक इतकाच की आता ते माझं ऐकत आणि मी त्यांचं. दोन्ही बाजूंचं खरेपण एका डोक्यात धरून बोलायला सभा गाजवण्यापेक्षा जास्त जोर लागतो, आणि मजा तर कितीतरी जास्त येते.

म्हणून एक विनंती आहे. राजकारणावरून तुमचं ज्याच्याशी वाजलं असेल, त्याच्याकडे या आठवड्यात जा. त्याला विचारा, ऐका, आणि त्याचं म्हणणं त्यालाच सांगा. "व्हय, हेच म्हनतोय मी," असं तो म्हणेपर्यंत स्वतःचा मुद्दा काढू नका.